पहिली हीट

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागल्या अंगाला,
पत्र्याच्या केबिनीत माझा संगणक. कीबोर्डवर रोज काळी भुकटी.
मला चार खिडक्या उघडायच्या होत्या पडद्यावर:
भट्टीचं तापमान, विजेचा भार, साच्यांची मोजणी,
आणि एक मालकांसाठी, जीत नुसता हिरवा दिवा.

खिडकीचा एक क्लास लिहिला.
जन्मतानाच जिची तिनं
ग्राफिक्सची मांडामांड करून घ्यावी, असा साधा हिशोब.
पहिली उघडली, झकास.
दुसरी उघडली
आणि पहिली काळी पडली.
धाकटीनं आल्या आल्या चूल पुन्हा सारवायला घेतली होती,
वर आमटी उकळत असताना.

मग ती मांडामांड उचलली
आणि सगळ्या खिडक्यांच्या आधी नेऊन ठेवली, अगदी वर,
पहिल्या ओळीत.
प्रोग्रॅम उठेचना.
बरोबरच आहे, टेकायला एक तरी चौकट हवी,
आणि चौकट तर अजून व्हायची होती.

खिडकीआधी नाही. प्रत्येक खिडकीत नाही.
मग कधी?

सव्वासहाला बाहेर आले.
मोनाप्पा नव्या लायनिंगला बसला होता,
भट्टीच्या पोटात पत्र्याचा फॉर्मा उभा करून
भोवती पांढरी भुकटी ठासत, गोल गोल फिरत.
"हा पत्रा मग काढता कसा?"
"काढायचा कशाला? पहिल्या हीटला वितळतोय की."
"आणि लायनिंग पिकतं कधी?"
"त्याच हीटला."
"म्हणजे लायनिंग कच्चं असतानाच माल घालायचा?"
त्यानं माझ्याकडं बघितलं,
शाळेत न गेलेल्या पोरीकडं बघावं तसं.
"माल घातल्याबिगर पिकंल कसं, मॅडम?
पहिली हीट सावकाश. रात्रभर.
मग काय, ओतत बसा."

केबिनीत परत. चहा निवला होता.
एक खूण लिहिली, कुणा एका खिडकीची नव्हे,
सगळ्या जातीची मिळून एक. नाव ठेवलं: झालंय.
सुरुवातीला खोटी.
खिडकी आधी उभी राहील, मग खूण बघेल,
खोटी असेल तर मांडामांड करेल, खरी करून टाकेल.
बाकीच्या येतील, बघतील, पुढं जातील.
पाच ओळी.
चारही उघडल्या. मालकांचा दिवासुद्धा.

घरी जाताना गोगट्यांच्या चौकात सिग्नल लागला
आणि मला वीज कचेरीची खिडकी आठवली.
चंदगडाकडून लग्न होऊन आले त्या सालची.
मागं वीस माणसं, हातात बिल,
आणि कन्नड म्हणावं असं तोंडात काहीच नाही.
सासरी म्हणाले होते, आधी शीक, मग जा.
तीन महिने पुस्तक उशाशी. एक अक्षर टिकलं नाही.
तिथं, त्या जाळीसमोर,
कारकुनानं विचारलं, "चिल्लरे इद्या?"
चिल्लर!
हा शब्द तर आमच्याच घरचा,
शेवटी एक मात्रा लावून पलीकडं बसलेला.
"इदे," म्हणाले मी. कुठून आलं, ठाऊक नाही.
मागचा म्हातारा हसला, त्यानं पुढचं वाक्य पुरवलं.
त्यानंतर बँक, शाळा, सरकारी दवाखाना,
कुठल्याच खिडकीशी मला पुन्हा जन्मावं लागलं नाही.

एक गोष्ट मात्र राहिलीय.
शेवटची खिडकी बंद होताना
मांडलेलं सगळं आवरायला हवं, मोजणी शून्यावर आली की.
ती ओळ मी अजून लिहिलेली नाही.
मोनाप्पाला विचारलं, जुनं लायनिंग कधी फोडता?
म्हणाला, आतून तांबडं दिसायला लागलं की.
आणि ठासणी उचलून
पुन्हा गोल फिरू लागला.